पत्त्याशी बांधलेला संवाद : टीसीपीपासून क्विकपर्यंत वस्तुजालातील संदेशवहनाचा इतिहास

बीजसंज्ञा : वस्तुजाल, टीसीपी, यूडीपी, एमक्यूटीटी, कोॲप, क्विक, संदेशवहन

प्रस्तावना

तेलवाहिनीवरील दाबमापक, इमारतीतील वीजमीटर, मालमोटारीत बसविलेले स्थानदर्शक यंत्र, शेतातील ओलावा मोजणारा संवेदक अशी असंख्य उपकरणे आज आपापली मोजमापे दूरवरच्या सर्व्हरकडे पाठवीत असतात. अशा उपकरणांच्या जाळ्यास ‘इंटरनेट ऑफ थिंग्ज’ हे नाव केव्हिन ॲश्टन यांनी १९९९ मध्ये दिले. मराठीत त्यास वस्तुजाल म्हणणे सोयीचे ठरते. उपकरणे जेथे असतात ती या जाळ्याची कड, म्हणजे ‘एज’. आणि त्यांची मोजमापे जेथे साठविली व तपासली जातात तो ‘क्लाउड’. कडेपासून क्लाउडपर्यंतची वाट कोणत्या नियमांनी बांधली गेली, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय.

या विषयावरील लेखनात सामान्यतः एकामागून एक सरस प्रोटोकॉल येत गेले असे चित्र रंगविले जाते. कागदपत्रे पाहता हे चित्र अपुरे वाटते. १९७० च्या दशकात संगणकांमधील संवादाची ओळख त्यांच्या पत्त्यावरून ठरविली गेली. त्या काळी हा निर्णय अगदी वाजवी होता. पुढील चार दशकांत मात्र फिरत्या, झोपणाऱ्या आणि वारंवार संपर्क तुटणाऱ्या उपकरणांना त्याची किंमत मोजावी लागली. वस्तुजालातील संदेशवहनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या निर्णयातून सुटका करून घेण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

पत्ता हीच ओळख

विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान यांचा भिन्न भिन्न जाळ्यांना जोडणाऱ्या प्रोटोकॉलविषयीचा लेख मे १९७४ मध्ये ‘आयईईई ट्रान्झॅक्शन्स ऑन कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात पॅकेट योग्य ठिकाणी पोहोचविणे आणि ती सर्व पॅकेटे क्रमाने व न गहाळता पोहोचली याची खात्री करणे, ही दोन्ही कामे एकाच व्यवस्थेकडे होती. १९७८ मध्ये त्यांची फाळणी झाली. पोहोचविण्याचे काम आयपीकडे आणि खात्रीचे काम टीसीपीकडे गेले. खात्रीपेक्षा वेळ ज्यांना महत्त्वाची, उदाहरणार्थ बोलण्याचा आवाज वाहून नेणाऱ्यांसाठी, यूडीपी हा तिसरा प्रोटोकॉल निघाला. ऑगस्ट १९८० मधील त्याचा दस्तऐवज जेमतेम तीन पानांचा आहे. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेला टीसीपीचा दस्तऐवज, आरएफसी ७९३, प्रसिद्ध झाला आणि १ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने जुना प्रोटोकॉल सोडून टीसीपी-आयपी स्वीकारला.

फाळणी झाली तरी एक गाठ तशीच राहिली. टीसीपीच्या दृष्टीने एक संवाद म्हणजे चार आकड्यांची जुळणी : दोन्ही टोकांचे आयपी पत्ते आणि दोन्ही टोकांचे पोर्ट क्रमांक. यांपैकी एक जरी बदलला तरी टीसीपीच्या लेखी तो संवाद संपला. त्या काळातील संगणक खोलीभर जागा व्यापणारे होते. ते एका ठिकाणाहून उठून दुसरीकडे जाऊन बसतील, तेही बोलता बोलता, ही कल्पना करण्याचे कोणास कारण नव्हते.

फिरत्या संगणकांची अडचण संशोधकांच्या ध्यानात आली नव्हती असे मात्र म्हणता येणार नाही. ऑक्टोबर १९९६ मध्ये ‘मोबाइल आयपी’चा दस्तऐवज प्रसिद्ध झाला. २००० मध्ये ॲलेक्स स्नोरेन आणि हरी बालकृष्णन यांनी मोबिकॉम परिषदेत पत्ता बदलल्यावरही टीसीपीचा संवाद टिकवून ठेवण्याची पद्धत मांडली. ती अमलात आणण्यासाठी दोन्ही टोकांच्या टीसीपीत बदल करणे आवश्यक होते. टीसीपी हा कार्यप्रणालीच्या गाभ्यात बसलेला असल्याने जगातील संगणकांवर तो बदलणे म्हणजे सर्व कार्यप्रणाली बदलणे होय. ही पद्धत सार्वत्रिक वापरात आली नाही. एक गोष्ट यावरून स्पष्ट होते : उपाय ठाऊक असणे आणि तो जाळ्यावर उतरविता येणे यांत पुष्कळ अंतर होते.

बर्कलेतील चारशे यार्ड

टीसीपीची दुसरी एक सवय वस्तुजालास पुढे नडली. तिचा उगम एका प्रत्यक्ष संकटात आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचा बर्कले परिसर यांमधील संपर्काचा वेग सेकंदास ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर घसरला. या दोन ठिकाणांमधील अंतर अवघे चारशे यार्ड, म्हणजे सुमारे ३६५ मीटर होते. पॅकेट गहाळ झाले की प्रत्येक संगणक ते पुन्हा पाठवी, त्यामुळे गर्दी वाढे, गर्दीमुळे आणखी पॅकेटे गहाळ होत. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा की, पॅकेट गहाळ होणे ही गर्दीची खूण समजावी आणि पाठविणाऱ्याने आपला वेग तत्काळ कमी करावा.

या उपायाने इंटरनेट वाचले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. परंतु तो तारेने जोडलेल्या जाळ्यासाठी होता. तारेवर पॅकेट गहाळ होते ते बहुधा गर्दीमुळेच. रेडिओलहरींवर मात्र ते पावसामुळे, भिंतीमुळे किंवा यंत्रांच्या गोंगाटामुळेही गहाळ होते. अशा वेळी वेग कमी केल्याने काहीच साधत नाही. बालकृष्णन व त्यांचे बर्कलेतील सहकारी यांनी १९९५ मध्येच बिनतारी दुव्यांवरील टीसीपीच्या या गैरसमजावर उपाय सुचविला होता. तोपर्यंत टीसीपी इतका रुजला होता की त्यास बाजूला सारण्यापेक्षा त्याच्या भोवताली तडजोडी करणे सर्वांनाच सोपे वाटले. अशा तडजोडींपैकी सर्वाधिक यशस्वी ठरलेली तडजोड तेलाच्या धंद्यातून आली.

तेलवाहिनी आणि उपग्रह

औद्योगिक नियंत्रणाच्या क्षेत्रात दूरची यंत्रे वाचण्याची जुनी रीत फेरीवाल्यासारखी होती. मध्यवर्ती संगणक एकेका यंत्राकडे क्रमाने जाई, ‘तुझे मोजमाप काय?’ असे विचारी, उत्तर घेई आणि पुढच्याकडे वळे. १९७९ मध्ये आलेला मॉडबस हा प्रोटोकॉल याच धाटणीचा आहे. कारखान्याच्या आवारात तारेवर ही रीत उत्तम चालते. परंतु शेकडो मैल लांबीच्या तेलवाहिनीवर, जेथे उपग्रहाखेरीज संपर्काचे साधन नाही आणि दुव्यावरून जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणात पैसे मोजावे लागतात, तेथे तिचा खर्च परवडत नाही. दाब तासन् तास बदलला नाही तरी प्रश्न विचारावा लागतो आणि ‘बदल नाही’ या उत्तराचेही भाडे भरावे लागते.

आयबीएममधील अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्कम या कंपनीतील आर्लेन निपर यांनी १९९९ मध्ये या अडचणीवर जो प्रोटोकॉल रचला तो पुढे एमक्यूटीटी या नावाने प्रसिद्ध झाला. नावातील ‘एमक्यू’ ही अक्षरे आयबीएमच्या संदेशरांगांच्या उत्पादनावरून आली आहेत. गंमत अशी की या प्रोटोकॉलमध्ये त्या अर्थाची रांग नाही. त्याची मांडणी वर्तमानपत्राच्या विक्रीसारखी आहे. उपकरण आपले मोजमाप एका विषयाच्या नावाखाली प्रसिद्ध करते. ज्यांना तो विषय हवा आहे त्यांनी आधीच वर्गणी भरून ठेवलेली असते. मध्यभागी असलेला ‘ब्रोकर’ वाटप करतो. मोजमाप बदलले तरच संदेश निघतो. संदेशाचे आवश्यक शीर्षक केवळ दोन बाइटांपासून सुरू होते.

एमक्यूटीटी टीसीपीवर उभा आहे, पण त्याने टीसीपीवर सर्वस्वी विश्वास ठेवलेला नाही. संपर्क तुटणार हे त्याने गृहीत धरले. संदेश एकदा पाठवून विसरावा, किमान एकदा तरी पोहोचवावा, की नेमका एकदाच पोहोचवावा, अशा तीन पातळ्या त्याने ठेवल्या. उपकरण निरोप न घेता नाहीसे झाले तर ब्रोकरने इतरांना काय कळवावे, हे उपकरण आधीच सांगून ठेवते. या सोयीचे नाव ‘लास्ट विल’, म्हणजे मृत्युपत्र, आहे. उपकरणाने ठरलेल्या मुदतीत काहीच कळविले नाही तर दीडपट वेळ वाट पाहून ब्रोकर त्यास गेलेले समजतो. ही मुदत जास्तीत जास्त ६५,५३५ सेकंद, म्हणजे सुमारे अठरा तास ठेवता येते.

या निबंधाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब वेगळीच आहे. २०१० मध्ये विनाशुल्क खुल्या केलेल्या ३.१ या आवृत्तीत प्रत्येक उपकरणास १ ते २३ अक्षरांचे स्वतःचे नाव असते. टीसीपीचा संवाद तुटून उपकरण नव्या पत्त्यावरून परत आले तरी ब्रोकर त्या नावावरून त्यास ओळखतो आणि मधल्या काळात राहून गेलेले संदेश त्याच्या हवाली करतो. टीसीपीने जी ओळख पत्त्याशी बांधली होती ती एमक्यूटीटीने वरच्या मजल्यावर नावाशी बांधली. खालची गाठ सुटत नसल्याने वर दुसरी मारली, असे या रचनेचे वर्णन करता येईल.

हा प्रोटोकॉल तेलाच्या धंद्याबाहेर पडला तो मोबाइलच्या मार्गाने. ऑगस्ट २०११ मध्ये फेसबुकने मेसेंजर सुरू केला तेव्हा फोनची बॅटरी आणि अपुरा बिनतारी दुवा यांचा विचार करून एमक्यूटीटीची निवड केली. वाळवंटातील झडप आणि खिशातील फोन यांच्या गरजा इतक्या जुळाव्यात हे लक्षणीय आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ३.१.१ ही आवृत्ती ओॲसिस या संस्थेचे मानक झाली, २०१६ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला आणि मार्च २०१९ मध्ये पाचवी आवृत्ती आली. २०१५ मध्ये ॲमेझॉनने वस्तुजालासाठी क्लाउड सेवा जाहीर केली तेव्हा तिच्या प्रवेशद्वाराशी एमक्यूटीटीच होता.

वाटेतील पहारेकरी

दरम्यान जाळ्याच्या मध्यभागी बरेच काही बदलले होते. आयपी पत्ते अपुरे पडू लागल्याने मे १९९४ मध्ये पत्तांतराची, म्हणजे ‘नॅट’ची, पद्धत मांडली गेली. घरातील वा कारखान्यातील सर्व उपकरणे एकाच बाह्य पत्त्यामागे दडू लागली. याचा पहिला परिणाम असा की बाहेरून आत कोणी हाक मारू शकत नाही. उपकरणानेच पुढाकार घेऊन संपर्क साधावा आणि तो धरून ठेवावा, हे त्यामुळे अपरिहार्य झाले. ब्रोकर क्लाउडमध्येच का बसला, याचे एक कारण या तांत्रिक तपशिलात सापडते.

दुसरा परिणाम अधिक खोल होता. नॅट यंत्र प्रत्येक संवादाची नोंद ठेवते आणि काही काळ शांतता राहिली की ती पुसते. टीसीपीची नोंद किमान २ तास ४ मिनिटे ठेवावी अशी शिफारस २००८ च्या दस्तऐवजात आहे. यूडीपीसाठी २००७ च्या दस्तऐवजात सांगितलेला किमान काळ अवघा दोन मिनिटांचा आहे. म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या आणि यूडीपी वापरणाऱ्या संवेदकाने झोपावे तरी नोंद जाते, न झोपावे तरी बॅटरी जाते. शिवाय या यंत्रांना टीसीपी आणि यूडीपी याखेरीज तिसरे काही ओळखता येत नव्हते. ऑक्टोबर २००० मध्ये आलेल्या एससीटीपी या प्रोटोकॉलमध्ये एका संवादात अनेक स्वतंत्र प्रवाह आणि एका टोकास अनेक पत्ते या दोन्ही सोयी होत्या. दूरध्वनी कंपन्यांच्या अंतर्गत जाळ्यांत तो वापरला गेला. सार्वजनिक इंटरनेटवर मात्र मधल्या यंत्रांनी त्यास पुढे जाऊ दिले नाही.

लहान उपकरणांसाठी खास रचलेल्या कोॲपची कथाही येथेच येते. जून २०१४ मध्ये आरएफसी ७२५२ या क्रमांकाने मानक झालेला हा प्रोटोकॉल यूडीपीवर चालतो. त्याचे मूळ शीर्षक चार बाइटांचे आहे. टीसीपीचे ओझे नको, हीच त्याची मूळ भूमिका होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये कोॲप टीसीपीवरून चालविण्याचा दस्तऐवज प्रसिद्ध करावा लागला, कारण अनेक जाळी यूडीपीस अडवीत होती किंवा त्याची नोंद फार लवकर पुसत होती. टीसीपी टाळण्यासाठी जन्मलेल्या प्रोटोकॉलला चार वर्षांत टीसीपीचा आश्रय घ्यावा लागला.

क्विकचा उदय

या कोंडीतून वाट निघाली ती संवेदकांच्या जगातून नव्हे, तर वेबच्या जगातून. गूगलमध्ये जिम रॉस्किंड यांनी २०१२ च्या सुमारास क्विकची रचना केली आणि २०१३ मध्ये तिची जाहीर वाच्यता झाली. क्विकने मधल्या पहारेकऱ्यांशी वाद घातला नाही. बाहेरून तो यूडीपीच दिसतो. विश्वासार्हता, गर्दीचे नियंत्रण, अनेक स्वतंत्र प्रवाह आणि सांकेतिकीकरण हे सर्व त्याने यूडीपीच्या आत बसविले. तो कार्यप्रणालीत नसून ब्राउझरसारख्या साध्या प्रोग्रॅममध्ये असल्याने तो बदलण्यासाठी कार्यप्रणाली बदलावी लागली नाही. गूगलच्या हाती एका टोकास क्रोम ब्राउझर आणि दुसऱ्या टोकास स्वतःचे सर्व्हर होते. २००० साली विद्यापीठातील संशोधकांना जे साधले नाही ते या कंपनीस का साधले, याचे उत्तर कल्पकतेपेक्षा दोन्ही टोकांच्या मालकीत अधिक आहे.

मधल्या यंत्रांचा धडा गूगललाही मिळाला. ऑक्टोबर २०१६ मध्ये क्विकच्या उघड्या शीर्षकातील फक्त एक बिट बदलण्यात आला, तर एका प्रकारच्या फायरवॉलमागील वापरकर्त्यांची पॅकेटे गहाळ होऊ लागली. त्या फायरवॉलने जुन्या बिटांवरून क्विक ओळखण्याचा नियम बनविला होता. या प्रसंगाची हकिकत कंपनीच्या अभियंत्यांनी २०१७ च्या सिगकॉम परिषदेतील लेखात नमूद केली आहे. जे दिसते ते गोठते, हे ध्यानी घेऊन पुढे शीर्षकाचाही बहुतेक भाग सांकेतिक करण्यात आला. येथे सांकेतिकीकरण गुप्ततेइतकेच बदलाचे स्वातंत्र्य राखण्यासाठी योजले गेले. याची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे : आपल्या जाळ्यातून काय जात आहे हे पाहणे कारखान्याच्या जाळ्याची राखण करणाऱ्यासही त्यामुळे अवघड झाले.

जाना अय्यंगार आणि मार्टिन थॉमसन यांनी संपादित केलेला क्विकचा मानक दस्तऐवज, आरएफसी ९०००, मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संवादाची ओळख पत्त्यावरून ठरत नाही; प्रत्येक संवादास स्वतःचा ओळखक्रमांक असतो. उपकरण वायफाय सोडून मोबाइलच्या जाळ्यावर गेले, किंवा नॅटची नोंद पुसून पोर्ट बदलला, तरी तो क्रमांक पाहून दुसरे टोक संवाद पुढे चालू ठेवते. १९७८ पासूनची गाठ अशा रीतीने खालच्या मजल्यावर सुटली.

धावत्या वाहनातील उपकरणासाठी याचे मोल उघड आहे. उपग्रहाच्या दुव्यावर तर ते आकड्यांतच मांडता येते. भूस्थिर उपग्रह सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास अर्धा सेकंद लागतो. टीसीपीची एक फेरी, टीएलएस १.२ च्या सुरक्षेच्या दोन आणि एमक्यूटीटीच्या ओळखपरेडीची एक, अशा चार फेऱ्यांनंतर, म्हणजे दोन सेकंदांनी, पहिले मोजमाप निघते. क्विकमध्ये जोडणी व सुरक्षा मिळून एकच फेरी लागते. पूर्वी भेट झालेली असल्यास पहिल्याच पॅकेटात माहिती पाठविता येते. मात्र अशी पहिल्या पॅकेटातील माहिती कोणी टिपून पुन्हा पाठविली तर ती दुसऱ्यांदा स्वीकारली जाण्याचा धोका असतो. तापमानाचे मोजमाप दोनदा आले तर बिघडत नाही; झडप उघडण्याची आज्ञा दोनदा येणे निराळे.

दोन बाइट आणि बाराशे बाइट

एमक्यूटीटीच्या मानकात खालच्या वाहकाविषयी एवढीच अट आहे की त्याने माहिती क्रमाने, न गहाळता, दोन्ही दिशांनी न्यावी. एकटा यूडीपी यात बसत नाही; क्विकचा एक प्रवाह बसतो. २०२२ मध्ये ईएमक्यूएक्स या ब्रोकरच्या पाचव्या आवृत्तीत एमक्यूटीटी क्विकवरून चालविण्याची सोय आली. एका प्रवेशयंत्रामागे, म्हणजे गेटवेमागे, शंभर संवेदक असतील तर टीसीपीवर एकाचे पॅकेट गहाळ झाल्याने नव्याण्णवांची मोजमापे खोळंबतात. प्रत्येक विषयास वेगळा प्रवाह दिल्यास हा खोळंबा टळतो. परंतु विषयाविषयांमधील क्रम मग हमखास राखला जात नाही. ‘झडप बंद झाली’ आणि ‘दाब वाढला’ यांपैकी आधी काय घडले हे ज्यास जाणून घ्यायचे आहे, त्याने वेळेची नोंद संदेशातच करावी लागते. मार्च २०१९ च्या मानकात या जोडणीचे नियम नसल्याने प्रवाहांची वाटणी कशी करावी हे रचनाकारावर सोपविलेले आहे. यूडीपी अडविणाऱ्या जाळ्यांसाठी टीसीपीची जुनी वाटही शेजारी राखून ठेवावी लागते.

यापेक्षा मोठी अडचण आकाराची आहे. खोट्या पत्त्यावरून केल्या जाणाऱ्या हल्ल्यांना आळा बसावा म्हणून क्विकमध्ये संपर्काचे पहिले पॅकेट, गरज नसली तरी भर घालून, किमान १,२०० बाइटांचे करावे लागते. वेबसाठी ही क्षुल्लक बाब आहे. कमी शक्तीच्या संवेदकांमध्ये वापरल्या जाणाऱ्या ८०२.१५.४ या बिनतारी मानकात मात्र एका वेळी नेता येणारा सर्वांत मोठा तुकडा १२७ बाइटांचा असतो. दोन बाइटांच्या शीर्षकाने समाधान मानणाऱ्या एमक्यूटीटीस अशा वाहनात बसविणे म्हणजे पोस्टकार्ड पाठविण्यासाठी मालगाडीचा डबा भाड्याने घेणे होय. वेबच्या गरजांसाठी केलेले हे गणित आहे आणि त्यात नाण्याएवढ्या संवेदकाचा विचार मुख्य नव्हता. जसा १९८८ चा उपाय तारेच्या जाळ्यासाठी होता, तसा २०२१ चा वेबसाठी आहे. लहान उपकरण दोन्ही वेळी दुसऱ्यासाठी शिवलेला अंगरखा घालीत आले.

त्यामुळे व्यवहारात क्विकची हद्द बहुधा गेटवेपाशी संपते. गेटवेस भिंतीतून वीज मिळते, त्याची स्मृती पुरेशी असते आणि क्लाउडशी त्याचा संपर्क अखंड राहणे सर्वांत मोलाचे असते. त्याच्या अलीकडे, संवेदकांच्या बाजूस, कोॲप आणि त्याचे सुरक्षाकवच असलेला डीटीएलएस हीच मंडळी काम करीत आहेत. तेथेही पत्त्याची जुनी गाठ होतीच : संवेदक झोपेतून उठेपर्यंत नॅटची नोंद पुसली गेली की डीटीएलएसची संपूर्ण ओळखपरेड पुन्हा करावी लागे आणि तीत बॅटरी खर्ची पडे. मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ९१४६ ने डीटीएलएसच्या संवादासही पत्त्याहून स्वतंत्र असा ओळखक्रमांक दिला. या क्रमांकाची लांबी किती असावी हे दोन्ही बाजूंनी आपसांत ठरवायचे असल्याने, एकेक बाइट जपणाऱ्या संवेदकास तो आपल्या ऐपतीप्रमाणे आखूड ठेवता येतो.